कामाच्या मावशींसाठी कुठली पॉलिसी? आधी त्यांचं रेशनकार्ड बघा

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातल्या एका सोसायटीत 34 बायका घरकामाला येतात. त्यांपैकी एकीचं मागच्या महिन्यात मुतखड्याचं ऑपरेशन झालं. खाजगी दवाखान्याचं बिल 85 हजार. सोसायटीने वर्गणी काढली, तरी कमी पडलं आणि तिने मंगळसूत्र गहाण ठेवलं. पुन्हा अशी वेळ येऊ नये म्हणून सोसायटी दर बाईमागे वर्षाला 3,000 रुपये भरायला तयार आहे. विचारणा अशी की, सगळ्यांसाठी कुठला ग्रुप आरोग्य विमा घ्यावा?

मी बचत गटांच्या एका फेडरेशनमध्ये 17 वर्षं आरोग्य विम्याचंच काम करते. नावं नोंदवणं, दवाखान्यात भरती करताना सोबत जाणं, क्लेमचे कागद लावणं आणि क्लेम नाकारला की शिव्या खाणं, सगळं त्यात आलं. त्या जोरावर सांगते: तुमचा हेतू चांगला आहे, पण पॉलिसीचा विचार तुम्ही सगळ्यात शेवटी करा. या 34 जणींपैकी बहुतेकींना कागदोपत्री विमा आधीच आहे. त्यांना तो माहीत नाही, किंवा माहीत असून वापरता येत नाही. खरी अडचण तिथे आहे.

महाराष्ट्रात महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजना आहे. 2012 साली ती आठ जिल्ह्यांत राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, 2017 ला नाव बदललं आणि 2020 पासून केंद्राच्या आयुष्मान भारत या मोफत उपचारांच्या योजनेला जोडून चालते. आधी पिवळं आणि केशरी रेशनकार्ड असलेल्यांना वर्षाला कुटुंबामागे दीड लाखापर्यंतचे उपचार मिळायचे. 1 जुलै 2024 पासून ही मर्यादा पाच लाख झाली आणि पांढरं कार्डही चालू लागलं. जुना आजार असला तरी चालतो, वेटिंग पीरियड (क्लेम मिळण्याआधी ठरावीक काळ थांबण्याची अट) नाही, हप्ता नाही. तीन हजारात तुम्हाला बाजारात असलं काही मिळणार नाही. मुतखड्याची ऑपरेशनंही या योजनेत होतात. तुमच्या मावशी योजनेतल्या दवाखान्यात गेल्या असत्या आणि कागद नीट असते, तर ते मंगळसूत्र बहुधा गळ्यातच राहिलं असतं.

हे "कागद नीट असते" म्हणजे काय, ते जरा सविस्तर सांगते, कारण सगळं घोडं इथेच अडतं.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात आम्ही एका वस्तीच्या समाजमंदिरात टेबल टाकून बसलो होतो. एक बाई आली, पंचेचाळिशीची असेल. दुधाची पिशवी धुऊन, वाळवून तिच्यात कागद ठेवलेले. आधारकार्डावर तिचं माहेरचं नाव, मधे वडिलांचं. बँकेच्या पासबुकात सासरचं नाव, मधे नवऱ्याचं. रेशनकार्ड मागितलं तर म्हणाली, "ते गावाला सासऱ्याच्या नावावर हाय, त्यात मी हाय का नाय ठावं नाय." गाव लातूर जिल्ह्यातलं. चौकशी केली तर त्यात तिचं नाव नव्हतंच. लग्नानंतर माहेरच्या कार्डातून कमी केलं आणि सासरच्या कार्डात चढवायचं राहून गेलं. नवरा अकरा वर्षांपूर्वी सोडून गेला, त्यानंतर चढवणार कोण? दोन मुलांना एकटीने वाढवणारी ही बाई सरकारी हिशेबात कुठल्याच कुटुंबात नव्हती. आणि योजना तर कुटुंबाला मिळते.

तिचं वेगळं रेशनकार्ड निघायला सात महिने लागले. माहेरच्या तालुक्यातून नाव कमी केल्याचा दाखला, प्रतिज्ञापत्र, घरमालकाचं संमतीपत्र, रेशनच्या परिमंडळ कार्यालयाच्या चकरा. भाड्याच्या खोलीचा मालक सही द्यायला तयार नव्हता, कारण त्याला वाटलं बाई खोलीवर हक्क सांगेल. प्रत्येक चकरेला अर्ध्या दिवसाचं काम बुडायचं. यातली गंमत म्हणजे 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात रेशनकार्डापुरती कुटुंबप्रमुख म्हणजे घरातली 18 वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई, असं स्पष्ट लिहिलंय. कायद्याने कुटुंबप्रमुख आणि कार्डावर नावच नाही, अशा बायका मला दर आठवड्याला भेटतात.

आपल्याकडे बाईचं नाव लग्नात एकदा बदलतं. मधलं बदलतं, आडनाव बदलतं, काही घरांत पहिलंसुद्धा बदलतात. पुरुषाचे सगळे कागद आयुष्यभर एका नावाने चालतात. बाईचे कागद दोन-दोन, तीन-तीन नावांचे होतात आणि प्रत्येक योजनेच्या संगणकाला ती वेगळी माणसं वाटतात. वर आधारला जोडलेला मोबाईल नंबर नवऱ्याचा नाहीतर मुलाचा. कार्ड काढायला ओटीपी लागतो, तो ज्याच्या फोनवर जातो तो रंगकामाला चाकणला गेलेला असतो. आयुष्मानच्या अ‍ॅपमध्ये आता चेहरा दाखवून ओळख पटवायची सोय आहे. तिने पुष्कळ कामं सोपी झालीत, पण बाईला कोणी ते सांगितलं पाहिजे ना.

कोणी म्हणेल, या बायकांना कागदांचा कंटाळा असतो. अजिबात नाही. लाडकी बहीण योजनेच्या वेळी याच बायका सेतू केंद्राबाहेर सकाळी सहापासून उभ्या होत्या, आधार बँकेला जोडून घेत होत्या. कारण महिन्याला 1,500 रुपये खात्यात पडताना दिसतात. विम्यात काहीच दिसत नाही. आमच्या फेडरेशनच्या फंडात बायका वर्षाला वर्गणी भरायच्या, तेव्हा दर एप्रिलमध्ये हाच प्रश्न यायचा: "ताई, मी तर आजारीच पडले नाही, मग माझे पैसे परत मिळतील का?" सुरुवातीला मी जोखमीची वाटणी वगैरे समजवायचे. नंतर सोडून दिलं. गेल्या वर्षी ज्यांचा क्लेम मिळाला त्यांनाच बोलायला उभं करायचे. शेजारणीने सांगितलेलं पटतं, माझं भाषण पटत नाही.

आणखी एक घोळ. "विमा आहे का?" असं विचारलंत तर दहातल्या पाच जणी हो म्हणतील. पासबुक बघा. वर्षाला 20 रुपये कापले जात असतील तर ती सुरक्षा विमा योजना, म्हणजे अपघाताची. 436 कापले जात असतील तर जीवन ज्योती, म्हणजे आयुर्विम्याची. दोन्ही दोन-दोन लाखांच्या, दोन्ही चांगल्या, पण दवाखान्याच्या बिलाला त्यांचा काडीचा उपयोग नाही. हे तिला भरतीच्या काउंटरवर कळू नये, आधी कळावं.

आता ग्रुप पॉलिसीकडे येते, कारण विचारलंत तेच. इथे पुष्कळ गोष्टी "अवलंबून आहे" अशा आहेत. सोसायटी या बायकांची मालक नाही, त्यांना पगार घरोघरचे लोक देतात. निव्वळ विमा घेण्यासाठी जमवलेल्या गटाला ग्रुप पॉलिसी देता येत नाही, असा विमा नियामकाचा नियम आहे. तेव्हा एखाद्या संघटनेमार्फत किंवा नोंदणीकृत बचत गटामार्फत जावं लागेल. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आणि फॅमिली आरोग्य पॉलिसीवरचा जीएसटी शून्य झालाय, पण ग्रुपला तो लागतो. आणि मावशीने काम सोडलं, किंवा तुमच्या शेजारच्या सोसायटीने दोनशे रुपये जास्त दिले म्हणून ती तिकडे गेली, तर तिचा विमा पुढच्या वर्षी कोण भरणार? एक वर्ष खंड पडला की वेटिंग पीरियड पुन्हा पहिल्यापासून.

वेटिंग पीरियडने मी स्वतः एकदा पोळलेय. सात-आठ वर्षांपूर्वी आम्ही तिनेकशे बायकांची ग्रुप पॉलिसी घेतली. हप्त्यावर घासाघीस केली आणि स्वस्तात मिळाली म्हणून खूश झालो. अकराव्या महिन्यात एकीची गर्भपिशवी काढावी लागली. गाठी होत्या, रक्तस्राव थांबत नव्हता, ऑपरेशन खरंच गरजेचं होतं. क्लेम नामंजूर. ठरावीक ऑपरेशनांना 24 महिने थांबावं लागतं आणि त्या यादीत गर्भपिशवी होती. पान नऊवर लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. आरोग्य संजीवनी ही जी प्रमाणित पॉलिसी सगळ्या कंपन्या विकतात, तिच्यातही हे 24 महिने आहेत. बाळंतपण तिच्यात नाहीच. म्हणजे चाळिशीच्या बाईला दवाखान्यात जायची जी ठळक कारणं, त्यांतली बरीच पहिल्या दोन-तीन वर्षांत बाहेरच. ग्रुप पॉलिसीत हे वेटिंग घासाघीस करून काढून घेता येतं, हप्ता वाढतो. त्या वेळी मी हप्ता कमी करत बसले आणि ते मागायचं राहिलं. त्या बाईने नंतर वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं होतं. तिचं चूक नव्हतं.

गर्भपिशवीचा विषय निघालाच आहे तर उलट बाजूही सांगते. विमा आला की ऑपरेशनं वाढतात, आणि बायकांच्या बाबतीत वाढतात ती नेमकी ही. 2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची पाहणी झाली. विधान परिषदेत प्रश्न गाजल्यावर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. पाहणी केलेल्या 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. ते बहुतेक खाजगी दवाखान्यांत, उचल घेऊन, स्वतःच्या पैशाने केलेलं होतं, विम्याने नव्हे. पण अंगावरून जातंय, कंबर दुखते एवढ्यावरून "पिशवी काढून टाका" म्हणणारा डॉक्टर सगळीकडे असतो आणि बिल दुसरं कोणी भरणार असेल तर त्याचा सल्ला आणखी लवकर येतो. म्हणून आमच्याकडे नियम आहे: पिशवीचं ऑपरेशन सांगितलं की आधी सोनोग्राफी घेऊन दुसऱ्या, शक्यतो सरकारी डॉक्टरला दाखवायचं. तातडीचा रक्तस्राव असेल तर गोष्ट वेगळी.

घरातलं राजकारण तर विम्याच्या कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. 2008 मध्ये केंद्राची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली, 30,000 रुपयांची, तिच्या स्मार्टकार्डावर पाचच नावं बसायची. सहा माणसांच्या घरात कोणाचं नाव गळायचं? सासू नाहीतर मोठी मुलगी, "ती काय, लग्न होऊन जाईल." आयुष्मानमध्ये ही पाचाची अट काढली हे फार बरं झालं. पण हे कुटुंबाचे विमे फ्लोटर असतात, म्हणजे सगळ्यांची मिळून एक रक्कम, आणि ती आधी नवऱ्याच्या अँजिओप्लास्टीला, मुलाच्या अपघाताला जाते. बाई थांबते. मुलीची परीक्षा होऊ दे, दिवाळी होऊ दे, मालकीण गावाला गेली की बघू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 30 टक्क्यांना आरोग्य विमा होता आणि पुरुषांपैकी 33 टक्क्यांना. फरक तीनच टक्क्यांचा, फार वाटत नाही. मात्र कार्ड असणं आणि ते वापरायला मिळणं यांतलं अंतर या आकड्यात येत नाही. अहमदाबादच्या 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेने 1992 मध्ये विमा सुरू केला तेव्हा सभासद बाईलाच ठेवलं, नवरा आणि मुलं तिच्या मागून जोडली जातात. मला ही रचना फार शहाणपणाची वाटते.

आणखी तीन गोष्टी भरतीचा विमा सहसा देत नाही: ओपीडी आणि रोजची औषधं, बुडालेली मजुरी, आणि दवाखान्यात सोबत बसणारं माणूस. तुमच्या मावशींचा खरा खर्च बीपी, शुगर, थायरॉइड, रक्त कमी असणं, गुडघे यांवर होतो. त्यासाठी कोणी भरती होत नाही. ऑपरेशन फुकट झालं तरी पंधरा दिवस चार घरांचं काम बंद, म्हणजे घरात पैसा बंद, आणि परत येईपर्यंत त्यातल्या एका घरी दुसरी बाई लागलेली.

या तिन्हींपैकी पहिल्या दोन देणारी एक जुनी व्यवस्था आपल्याकडे आहे, ती म्हणजे ईएसआय (कर्मचारी राज्य विमा), 1948 च्या कायद्याने सुरू झालेली. औषधं, दवाखाना, आणि आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के पगार, हे सगळं त्यात येतं. घरकामगारांना ती लागू नाही, हे वाईट आहे. पण तुमच्या सोसायटीचे जिने आणि पार्किंग झाडणाऱ्या बायका एजन्सीच्या असतील ना? त्यांना ती लागू असण्याची दाट शक्यता आहे. पगार महिना 21,000 पर्यंत असेल आणि एजन्सीकडे दहा किंवा जास्त माणसं असतील तर नोंदणी सक्तीची. 14,000 पगारावर बाईचे 105 रुपये कापले जातात आणि एजन्सीने 455 भरायचे. हे 455 बहुतेक वेळा सोसायटीच्याच बिलात लावलेले असतात. एजन्सीकडून दर महिन्याचं चलन आणि प्रत्येकीचा विमा क्रमांक मागा. एका सोसायटीत आम्ही हे मागितलं तेव्हा अकरा बायकांपैकी चौघींची नोंदणीच नव्हती, बिलात मात्र अकराही जणींचे पैसे लावलेले. तुमच्या प्रश्नात या बायकांचा उल्लेख नाही. तो असायला हवा होता.

मग तुमच्या 1,02,000 रुपयांचं काय करायचं? तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं ते सांगते. यातलं काय लागू पडेल ते बायका कुठल्या आहेत यावर ठरेल. कलबुर्गी-विजापूरकडच्या असतील तर महाराष्ट्राचं रेशनकार्ड नसेल. त्यांचं नाव केंद्राच्या आयुष्मान यादीत असेल तरच इथे कार्ड चालतं. त्यांच्यासाठी, आणि ज्यांचं रेशनकार्ड व्हायला वेळ लागणार आहे त्यांच्यासाठी, खरंच पॉलिसी घ्या. अशा सात-आठच निघतील. त्यांना ग्रुपपेक्षा स्वतःच्या नावाची वैयक्तिक पॉलिसी द्या, म्हणजे काम बदललं तरी ती सोबत जाते. तीन हजारात पन्नाशीच्या बाईला फार मोठी रक्कम मिळणार नाही हे आधीच सांगून ठेवा.

बाकीच्यांसाठी पहिले तीन महिने फक्त कागद. त्यांच्यातलीच थोडी शिकलेली, बोलकी बाई शोधा आणि तिला महिन्याला चार-पाच हजार मानधन देऊन हे काम सोपवा. तिने आरोग्यमित्राला ओळखायला शिकायचं; योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात हा माणूस बसतो, भरती त्याच्या टेबलावरून होते. तातडीचं असेल तर तो फोनवरून मंजुरी घेतो, कागद मागून लागतात. योजनेचा 155388 हा नंबर प्रत्येकीच्या फोनमध्ये टाकून द्या. डिपॉझिट मागितलं तर भरायच्या आधी तिथूनच या नंबरवर फोन करायचा.

उरलेल्या पैशाचा छोटा फंड करा. त्यातून भरतीच्या काळात दिवसाला 300 रुपये, जास्तीत जास्त दहा दिवस. दवाखान्यात बसणाऱ्या सोबतीणीलाही काही द्या. ओपीडीसाठी फंड फोडू नका, सहा महिन्यांत संपेल. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि औषधं मोफत आहेत, तिकडे पाठवा. महापालिकेच्या दवाखान्यांचे नियम वेगळे, तिथे आधी विचारून घ्या. तिशीवरच्या सगळ्यांची स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी सरकारी केंद्रात होते, तीही एका दिवशी सगळ्यांनी मिळून करून घ्या. एकटी बाई त्यासाठी कधीच जात नाही.

आणि एक गोष्ट पैशाविना होणारी आहे: आजारपणात ती कामावर परत येईपर्यंत तिचं काम कोणी दुसरीला कायमचं देणार नाही, आणि निदान निम्मा पगार चालू राहील, असं तुमच्या सभेत ठरवून घ्या. हे ठरवताना जेवढी भांडणं होतील तेवढी वर्गणीच्या वेळी झाली नसतील, तेव्हा हा विषय सभेच्या सुरुवातीलाच घ्या, पार्किंगच्या आधी.

सुरुवात म्हणून येत्या रविवारी दुपारी तीननंतर क्लबहाउसमध्ये एक टेबल टाका. सकाळी बोलावलंत तर कोणी येणार नाही, कामं असतात. प्रत्येकीला आधार, रेशनकार्ड, पासबुक आणि स्वतःचा फोन आणायला सांगा. एका वहीत चार रकाने: आधारवरचं नाव, रेशनकार्डावरचं नाव, रेशनकार्डाचा ऑनलाइन बारा अंकी नंबर आहे का, आधारला जोडलेला मोबाईल कोणाचा. चौतीस ओळी भरल्या की मला पुन्हा लिहा, कोणाला काय लागेल ते एकेकीचं बघून सांगते.